वांगी-टोमॅटोच्या जिवाणूजन्य मर रोगावर औषध का नाही, आणि मग करायचे काय?

कुडाळकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. भात काढल्यावर त्याच जमिनीत ते वांगी आणि टोमॅटो करतात. झाडे जोमात वाढतात, फुलावर येतात, पहिला तोडा तोंडावर येतो आणि नेमकी तेव्हाच हिरवीगार झाडे भर दुपारी मान टाकतात. दोन-चार दिवसांत झाड संपते. दुकानातून आणलेले कॉपर (तांबेयुक्त औषध) झाले, स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणे, झाली, ट्रायकोडर्मा ही जैविक बुरशीही झाली, पण काही थांबले नाही. ते विचारतात, ‘या जिवाणूवर एवढे संशोधन झाले म्हणता, मग औषध का निघत नाही? आणि पुढच्या हंगामात मी काय करू?’

सरळ उत्तर आधी देतो. उभ्या पिकात हा रोग बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. बाटली पुढे करून कुणी खात्री देत असेल, तर ती बाटली घेऊ नका. पण त्यावरून संशोधन वाया गेले असे समजू नका. उलट औषध का चालत नाही हे संशोधनानेच दाखवले, आणि पैसा कुठे लावायचा तेही त्यातूनच कळते. मी आयुष्यभर याच जिवाणूंबरोबर काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रोग तोच आहे का, ते पाहू. मरणारे प्रत्येक झाड जिवाणूने मरत नाही. फ्युजेरियम बुरशीची मर असेल तर खालची पाने आधी पिवळी पडतात, कधी झाडाची एकच बाजू पिवळी होते, आणि हे सगळे सावकाश चालते. बुंध्याशी, मातीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम ही दुसरी बुरशी. जिवाणूजन्य मर रोगात पाने पिवळी पडायला वेळच मिळत नाही. कोवळे शेंडे दुपारी सुकतात, रात्री पुन्हा ताठ होतात, आणि असे एक-दोन दिवस झाले की पुन्हा उठत नाहीत. टोमॅटोच्या खोडावर बारीक मुळांचे फोड दिसतात. खोड उभे चिरले तर आतला भाग तपकिरी दिसतो.

पक्की खूण पाण्यात मिळते. नुकत्याच सुकलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचा बोटभर लांब तुकडा धारदार सुरीने कापा. काचेच्या स्वच्छ ग्लासात पाणी घ्या आणि कापलेले टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो तुकडा वरून धरा. हात हलू देऊ नका. जिवाणू असेल तर काही मिनिटांतच कापातून दुधाळ पांढरे धागे सरळ खाली उतरताना दिसतात. बुरशीच्या मर रोगात असे धागे येत नाहीत. अगदी वाळून कोळ झालेले झाड या परीक्षेला घेऊ नका, त्यात फसगत होते. परीक्षा झाल्यावर ते पाणी शेतात फेकू नका, उकळून टाका, आणि सुरी स्पिरिटने पुसा. एवढीशी परीक्षा, पण ती न करता हजारो रुपयांची औषधे ओतणारे शेतकरी मी पाहिले आहेत, आणि ती न करता औषध लिहून देणारे सल्लागारही. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण ग्लासभर पाण्याला काही पैसे पडत नाहीत.

धागे दिसले असे धरून पुढे लिहितो.

या जिवाणूचे नाव राल्स्टोनिया. अमेरिकी शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये टोमॅटो, वांगी आणि बटाट्यावरच्या या रोगाचे कारण जिवाणू आहे हे दाखवून दिले. त्या काळी वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होऊ शकतो हेच युरोपातल्या अनेकांना मान्य नव्हते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड फिशर यांनी तर ही कल्पनाच उडवून लावली होती. स्मिथ यांनी पुराव्यामागून पुरावा मांडला आणि वाद संपवला. आपल्याकडेही हा रोग नवा नाही. पुणे जिल्ह्यातल्या बटाट्यावर तो १८९२ मध्येच नोंदला गेला होता. रोगट बटाटा आडवा कापला की सालीच्या आत बांगडीसारखे तपकिरी कडे दिसते आणि दाबले की त्यातून पांढरा स्राव येतो. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात म. क. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांचा जो अभ्यास उभा केला, त्यावर या देशातल्या या शास्त्राचा पाया आहे. आंब्यावरच्या काळ्या डागांचा जिवाणू पटेल, मोनिझ आणि कुलकर्णी यांनी १९४८ मध्ये वर्णन केला. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने हे माहीत करून घ्यावे असे मला नेहमी वाटते, कारण जिवाणूंचे संशोधन म्हटले की ते कुठे तरी परदेशातच होते अशी आपली समजूत असते.

आता औषध का चालत नाही ते सांगतो. हा जिवाणू मातीत आणि पाण्यात असतो. मुळातून जे स्राव मातीत पाझरतात त्यांच्या दिशेने तो पोहत येतो. नवीन उपमुळे फुटताना मुळाची साल जिथे फाटते, किंवा खुरपणीत, सूत्रकृमींमुळे (मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे) जिथे जखम होते, तिथून तो आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांत पोचतो. आतली वाढ मोठी विलक्षण आहे. संख्या थोडी असते तोवर तो गुपचूप हिंडतो, पसरतो. एकमेकांना कळेल असा एक रासायनिक संकेत हे जिवाणू सोडत असतात. दाटी वाढली की तो संकेत वाढतो, आणि मग सगळे मिळून चिकट शर्करायुक्त पदार्थ भरभरून तयार करू लागतात. ग्लासात दिसलेले दुधाळ धागे म्हणजे हाच चिकट पदार्थ आणि त्यातले जिवाणू. त्याने वाहिन्या तुंबतात आणि झाड पाण्यावाचून मरते, मुळाशी पाणी साचलेले असतानासुद्धा. तुम्हाला रोग दिसतो त्या दिवशी खोडाच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी ते अब्जावधी जिवाणू असतात. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत आतला खेळ संपलेला असतो.

आता आळवणी केलेल्या औषधाचा प्रवास पाहा. कॉपर मातीतल्या सेंद्रिय पदार्थाला आणि चिकणमातीला धरून बसते. मुळातून वर चढून वाहिन्यांतल्या जिवाणूला मारेल अशी त्याची जात नाही. स्ट्रेप्टोसायक्लिनमधले स्ट्रेप्टोमायसिनही मातीच्या कणांना चिकटते. शिवाय हा जिवाणू नांगराच्या तासाच्या खालच्या थरातही टिकतो, तिथवर ग्लासभर द्रावण पोचत नाही. वाईट परिस्थितीत तो अशा सुप्त अवस्थेत जातो की प्रयोगशाळेच्या माध्यमावरही उगवत नाही, पण जिवंत असतो आणि अनुकूल यजमान मिळाला की पुन्हा उठतो.

स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल वेगळे सांगायला हवे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही दोन्ही माणसाची औषधे आहेत. स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयरोगावर वापरले गेलेले औषध. शेतात ते पसरत राहिले तर प्रतिकारक्षम जिवाणू तयार होतात आणि ते शेताच्या बांधावर थांबत नाहीत. केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०२२ पासून शेतीसाठी त्याच्या आयातीवर आणि उत्पादनावर, आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतातल्या वापरावर बंदी घातली. दुकानात जुना साठा दिसला तरी घेऊ नका. मर रोगावर त्याचा उपयोग तसाही नव्हता, त्यामुळे बंदीने तुमचे काही गेलेले नाही.

मग संशोधनातून हाती काय आले? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही की जिवाणूच्या मागे लागण्यापेक्षा मुळाकडे आणि पाण्याकडे लक्ष वळले. हे कसे घडले ते थोडे सांगतो, कारण पुढचा सल्ला त्यावरच उभा आहे.

१९५४ मध्ये आर्थर केलमन यांनी एक साधे माध्यम वापरात आणले. त्यात टेट्राझोलियम नावाचे रंगद्रव्य घालतात. रोगट खोडाचा स्राव त्यावर रेघोट्यांनी पसरून २८ ते ३० अंशांना दोन दिवस ठेवला की रोगकारक जिवाणूच्या वसाहती पांढऱ्या, ओलसर, पसरट आणि मध्ये गुलाबी दिसतात. तोच जिवाणू पुन्हा पुन्हा माध्यमावर वाढवत गेलात की त्याची रोग करण्याची ताकद जाते आणि वसाहती लहान, गोल, गर्द लाल होतात. ज्याने हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले त्याला ते विसरता येत नाही. अजूनही विद्यार्थ्यांना मी हेच आधी दाखवतो. म्हणूनच हा जिवाणू आम्ही माध्यमावर साठवत नाही. निर्जंतुक पाण्यात, साध्या खोलीच्या तापमानाला ठेवतो, आणि त्यात तो वर्षानुवर्षे जिवंत आणि रोगक्षम राहतो. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. खाद्य नसलेल्या नुसत्या पाण्यात जो वर्षे काढतो, त्याच्यासाठी तुमचा पाट, ओहोळ आणि शेजाऱ्याच्या कोपऱ्यातून उतरणारे पाणी म्हणजे राहते घर आणि रस्ता, दोन्ही.

युरोपात हे फार महाग पडून कळले. तिथे थंडीला सरावलेला याच जिवाणूचा एक प्रकार बटाट्यावर येतो. स्वीडन, ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये शोध घेतला तेव्हा नदीकाठच्या एका रानटी सोलॅनम वेलीच्या मुळांत तो ठाण मांडून बसलेला सापडला. वेल मरत नव्हती, पण नदीत जिवाणू सोडत होती आणि त्या नदीचे पाणी शेतकरी बटाट्याला देत होते. नेदरलँड्सने मग ठरावीक भागांत नदी-कालव्याचे पाणी बटाट्याला द्यायलाच बंदी केली. आपल्याकडे त्या वेलीची जागा कामोणी घेते. घोळ आणि ओसाडी या तणांतही तो आढळला आहे. दोनशेहून अधिक वनस्पतींत राहू शकणारा हा जिवाणू आहे, आल्याचाही यात नंबर लागतो. त्यामुळे वांग्यानंतर मिरची, मिरचीनंतर टोमॅटो आणि बांधाला आले असे चक्र ठेवले तर त्याची वर्षभराची सोय होते.

२००२ मध्ये याच्या एका प्रकाराची संपूर्ण जनुकीय माहिती प्रसिद्ध झाली. फ्रेंच गयानातल्या टोमॅटोवरून मिळालेला हा प्रकार, आणि काम झाले फ्रान्समध्ये. सुमारे ५८ लाख अक्षरांची ही संहिता दोन मोठ्या तुकड्यांत वाटलेली आहे. त्यातून कळले की झाडाच्या पेशीत थेट प्रथिने टोचणारी सुईसारखी यंत्रणा याच्याकडे आहे, आणि अशी सत्तरच्या आसपास प्रथिने एकेका प्रकारात असतात. झाडाची संरक्षणव्यवस्था ती प्रथिने गप्प करतात. एखाद्या वाणाने एक प्रथिन ओळखले आणि प्रतिकार केला, तर जिवाणू ते टाकून देऊन बाकीच्यांवर भागवतो. भर म्हणजे परका डीएनए आत घेण्याची क्षमता त्याला उपजतच आहे. एका जनुकावर उभा असलेला प्रतिकार याच्यापुढे का टिकत नाही, हे यातून उलगडले.

आणखी एक गोष्ट. ज्याला आपण राल्स्टोनिया म्हणतो ते एकच घराणे नाही. आशियातले, अमेरिकेतले, आफ्रिकेतले आणि इंडोनेशियातले असे त्याचे चार मोठे गट आहेत, आणि २०१४ मध्ये त्यांची तीन स्वतंत्र जातींत विभागणी झाली. आपल्याकडे वांगी-टोमॅटोवर मुख्यतः आशियाई गट आढळतो. गटागटांत आणि गटाच्या आतही एवढा फरक आहे की एका राज्यात उभा राहिलेला वाण दुसऱ्या राज्यात आडवा होऊ शकतो. मातीचे तापमान चढले की चांगला प्रतिकारक वाणही ढिला पडतो. सूत्रकृमींनी मुळांवर गाठी केल्या असतील तरी तेच. म्हणून ‘अमुक वाण लावा, मर येणार नाही’ असे वाक्य मी लिहीत नाही.

तरी वाणांची नावे माहीत हवीत. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे टोमॅटोतले अर्का आभा, अर्का आलोक हे वाण आणि अर्का रक्षक, अर्का सम्राट हे संकरित. वांग्यात अर्का निधी, अर्का केशव, अर्का नीलकंठ. केरळ कृषी विद्यापीठाचे टोमॅटोतले शक्ती, मुक्ती, अनघा आणि वांग्यातले सूर्या, श्वेता, हरिता. केरळची जांभी, आम्लधर्मी माती आणि दमट हवा आपल्या कोकणाशी जुळते, त्यामुळे तिथल्या वाणांची चाचणी इथे घेण्यात अर्थ आहे. तुम्हाला सगळ्यात जवळचे उदाहरण गोव्याचे. तिथल्या आगशीच्या वांग्याला चव आणि बाजार दोन्ही आहेत, पण मर रोगापुढे ते नाजूक. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच जिवाणूच्या स्थानिक प्रकारांवर अनेक वर्षे काम केले आणि ‘गोवा ब्रिंजल’ मालिकेत मर सहन करणारे वाण दिले. सिंधुदुर्गातून ती संस्था काही तासांवर आहे. तिथे जाऊन या. बी आणा आणि पहिल्या वर्षी चार ओळीच लावून पाहा.

आता माझा खरा भर कुठे आहे ते सांगतो: कलमी रोपांवर.

तुम्हाला बाजारात चालणारे वांगे किंवा टोमॅटो हवा, आणि प्रतिकार मुळाला हवा. दोन्ही एकाच वाणात आणायला पैदासकारांना दशके लागतात, कारण टोमॅटोत प्रतिकार आणि लहान फळ हे बहुतेकदा जोडीने येतात. कलमात हा प्रश्नच उरत नाही. खाली प्रतिकारक खुंट, वर तुमचा वाण. तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी वांग्याचे खुंट निवडून दिले, त्यातला ईजी २०३ सगळ्यात जास्त पसरला. टोमॅटोतला हवाई ७९९६ हाही खुंट म्हणून प्रसिद्ध. वांग्यासाठी सोलॅनम टॉर्व्हम ही रानवांग्याची जात वापरतात. पावसात पाणी तुंबले तर टोमॅटोची मुळे गुदमरतात, वांग्याची बरीच तग धरतात, हा कोकणासाठी वरचा फायदा.

खुंट काम कसे करतो? जिवाणू त्याच्याही मुळात शिरतो. फरक पुढे पडतो. हवाई ७९९६ वर झालेल्या अभ्यासांत दिसले की वाहिन्यांच्या भिंती झाड लिग्निन आणि सुबेरिन या लाकडासारख्या, बुचासारख्या पदार्थांनी जाड करते आणि जिवाणूला एका वाहिनीतून शेजारच्या वाहिनीत, मुळातून खोडात जाऊ देत नाही. तो कोंडला जातो. हे समजले की कलमी रोपांबाबतच्या दोन-तीन बारीक गोष्टी आपोआप पटतात. कलमाचा जोड मातीच्या वर चांगला चार बोटे राहिला पाहिजे. लावताना रोप खोल गाडले, किंवा नंतर नेहमीच्या सवयीने मातीची भर लावली, की जोडाच्या वरच्या भागाला मुळे फुटतात. ती मुळे तुमच्या नाजूक वाणाची. जिवाणू त्यांतून सरळ वर जातो आणि खुंटाचा सगळा खर्च पाण्यात. अशी मुळे दिसली की लगेच खुडा. टोमॅटोची फांदी जमिनीला टेकू देऊ नका, तीही मुळे धरते. खुंटाला खालून धुमारे येतात, तेही काढत राहा.

कलम स्वतः करायचे झाले तर जमते, पण पहिल्या आठवड्यात दमट, सावलीची बंदिस्त जागा लागते, नाही तर जोड वाळतो. वांग्याच्या खुंटाचे बी टोमॅटोच्या आधी पेरावे लागते, कारण ते सावकाश वाढते. टॉर्व्हमचे बी तर उगवायलाच आळशी. दोन्ही खोडांची जाडी कलमाच्या दिवशी सारखी हवी. कलम करणाऱ्याची पाती आणि हात स्वच्छ हवेत, नाही तर रोग रोपवाटिकेतूनच सुरू होतो. घरी हे शक्य नसेल तर खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्या, आणि खुंट कोणता आहे हे विचारून लिहून घ्या. ‘कलमी आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. रोप महाग पडते हे खरे. म्हणून सगळ्या शेताला न लावता, जिथे मर दरवर्षी येतो त्या तुकड्याला आधी लावा.

तो तुकडा ओळखायचा कसा? त्यासाठी एक काम सांगतो, त्याला वही-पेन्सिल पुरते. या हंगामात शेताचा कच्चा नकाशा काढा. पाटाचे तोंड, उतार, शेजारचे कोपरे, विहीर, मेरा दाखवा. जे झाड मरेल त्याची जागा तारखेसह त्यावर टिपा. महिन्याभरात चित्र बोलू लागते. पाटाच्या तोंडाशी सुरुवात होऊन उताराने ओळीत पुढे सरकत असेल, तर रोग पाण्याबरोबर येतो आहे. लागवडीनंतर थोड्याच दिवसांत सगळीकडे विखुरलेली झाडे मेली, तर रोपांचा संशय घ्या. दरवर्षी त्याच सखल, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात येत असेल, तर ती जागा मुरलेली आहे. तिन्हींचा इलाज वेगळा.

पाण्यातून येत असेल तर पाटपाणी बंद करून विहिरीवरून ठिबक करा, गादीवाफे उंच करा आणि वरच्या शेताचे पाणी कडेने चर काढून बाहेर घाला. माझ्या अनुभवात एवढ्या बदलाने जो फरक पडतो तो कुठल्याही आळवणीने पडत नाही. मेलेले झाड मुळाभोवतालच्या मातीसह पिशवीत भरून बाहेर न्या आणि जाळा. ते उपटून ओढत नेऊ नका, ओहोळात किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या खड्ड्यावर आणि आजूबाजूच्या झाडांच्या बुडाशी ब्लीचिंग पावडर वापरतात. बटाट्यात लागवडीच्या वेळी खताबरोबर हेक्टरी सुमारे १२ किलो देण्याची शिफारस आहे. पण पावडर ताजी हवी, उघड्या पोत्यातली निकामी असते, आणि उभ्या झाडाच्या मुळावर पडली तर झाड भाजते. आजारी भागात काम शेवटी करा, खुरपे, फावडे आणि चपला धुऊनच चांगल्या भागात जा.

रोपांचा संशय असेल तर वाफ्यावरची रोपे सोडा. ट्रेमध्ये कोकोपीटवर, जमिनीपासून उंच मांडवावर, विहिरीच्या पाण्यावर रोपे करा.

मुरलेल्या जागेला वेळ द्यावा लागतो. भाताचे पीक हा तुमच्या हातातला मोठा फायदा आहे, कारण पाणी भरून राहिलेल्या मातीत हा जिवाणू हळूहळू घटतो. पण भात काढून लगेच वांगी लावली तर घटलेली संख्या पुन्हा उभी राहते. त्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षे भातानंतर कुळीथ, वाल किंवा मका घ्या. कामोणी भातानंतरच्या पडीक काळातही उगवू देऊ नका. मातीची तपासणी करून सामू (पीएच) फार खाली, म्हणजे माती फार आम्ल असेल तर शिफारशीप्रमाणे चुना द्या. आम्ल मातीत हा रोग बळावतो आणि कोकणची जांभी माती आम्लच आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन ओली करून पातळ पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे घट्ट झाकणे हाही उपाय आहे. मात्र उष्णता वरच्या वीतभर थरापर्यंतच पोचते, खालचा साठा राहतो. रोपवाटिकेच्या जागेसाठी मी ते जरूर सुचवतो, एकरभर शेतासाठी नाही.

जैविक औषधांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण विक्रेता विचारायला लावेल. ट्रायकोडर्मा ही बुरशीवरची बुरशी आहे, या जिवाणूवर तिचा भरवसा धरू नका. स्यूडोमोनास आणि बॅसिलस या उपयोगी जिवाणूंचे काही प्रकार, विशेषतः झाडाच्या आतच राहणारे, प्रयोगांत रोग कमी करतात. गोव्यातही त्यावर चांगले काम झाले आहे. शेतात निकाल एकसारखे येत नाहीत. रोपावस्थेत, आजारी होण्याआधी, मुळे बुडवून वापरले तर थोडी मदत होते. लक्षणे दिसल्यावर ते ओतणे म्हणजे पैसे ओतणे.

मला ज्याची खरी उत्सुकता आहे ते संशोधन वेगळ्याच दिशेने चालले आहे. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने दाखवले की हवाई ७९९६ च्या मुळांभोवतालचे सूक्ष्मजीव काढून नाजूक टोमॅटोच्या मुळाशी दिले, तर त्याचा रोग कमी होतो. म्हणजे प्रतिकाराचा काही भाग झाडाच्या जनुकांत नसून त्याने मुळाशी जमवलेल्या सोबत्यांत असतो. चीनमध्ये नानजिंगच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये जिवाणूभक्षक विषाणूंचे मिश्रण टोमॅटोवर वापरले. एकच विषाणू वापरण्यापेक्षा अनेक एकत्र वापरले तेव्हा रोग बराच जास्त घटला, आणि जे जिवाणू विषाणूंना दाद देईनासे झाले ते रोग करण्यातही कमकुवत ठरले. जिवाणूला एकीकडे वाचायचे तर दुसरीकडे हरावे लागते, हे मला फार आशादायक वाटते. पण हे विषाणू स्थानिक जिवाणूंवर तपासावे लागतात. कोकणातल्या शेतातले प्रकार गोळा करून जपून ठेवले असतील तरच उद्या ते काम इथे करता येईल. नमुने पाठवणारे शेतकरी नसतील तर हा संग्रह होणार नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. ग्लासात धागे दिसले की नमुना दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. झाड सुकायला लागलेले असावे, पूर्ण वाळलेले नको. मुळे आणि बुंध्याचा वीतभर भाग घ्या, माती झटका पण पाण्याने धुऊ नका. ओला कागद लावू नका, त्याने कुजवणारे दुसरे जिवाणू वाढतात आणि आम्हाला हवा तो सापडत नाही. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरा, उन्हात ठेवू नका, फ्रीजमध्येही नको, आणि शक्यतो त्याच दिवशी स्वतः नेऊन द्या. सोबत वाणाचे नाव, लागवडीची तारीख, त्या जागेत आधी घेतलेली दोन-तीन पिके आणि पाणी कुठून देता हे लिहा. शेताचा तो कच्चा नकाशा काढला असेल तर त्याची प्रतही जोडा.